सोमवारी रुजू व्हायचंय आणि पोटात गोळा आलाय?

मे महिना संपत आला होता. मी मागीलदारी रातांब्यांची सालं आगळात बुडवून पुन्हा उन्हात पसरत होते आणि फोन वाजला. भाची होती, रत्नागिरीजवळच्या पावस गावची. "मावशी, लेटर आलं गो! जूनच्या पहिल्या सोमवारी जॉइन व्हायचंय." मी अभिनंदन करायच्या आत तिचं पुढचं वाक्य आलं, "पण मला नाही वाटत मला जमेल. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

नोकरी रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, एका लहान कंपनीत अकाउंट्सला. पोरीने बी.कॉम. केलंय, हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर शिकलीये, मुलाखत देऊन निवडून आलीये, तरी ही अवस्था. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी स्वतः तीनदा नोकरी बदलली आणि पतसंस्थेत असताना नव्याने लागलेली कितीतरी मुलं पहिल्या दिवशी कोऱ्या चेहऱ्याने खुर्चीच्या कडेवर बसलेली पाहिली. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. कामाची भीती त्यात फार थोडी असते. बस नेमकी कुठे थांबेल, दारात कोण भेटेल, डबा कुठे खायचा, असल्या माहीत नसलेल्या बारीकसारीक गोष्टींनी माणूस जास्त घाबरतो. त्या एकेक करून माहितीतल्या केल्या की उरलेली धडधड पेलवते. आम्ही दोघींनी त्या आठ-दहा दिवसांत काय केलं ते सांगते. तुमची नोकरी शाळेतली असो, बँकेतली, दवाखान्यातली की तारकर्लीच्या रिसॉर्टवरची, क्रम हाच ठेवा.

आधी ही धडधड कसली ते समजून घ्या

पुढे काहीतरी मोठं येतंय असं मेंदूला वाटलं की मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या छोट्या ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, तळव्यांना घाम येतो, घशाला कोरड पडते. रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं, म्हणून भूक मरते आणि पोटात गोळा आल्यासारखं होतं. शरीर बिघडलेलं नाही, ते तयारीला लागलंय.

हीच धडधड तुम्ही दुसरीकडेही अनुभवलेली आहे. शिमग्यात सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, ढोल घुमायला लागला आणि पालखी आता आपल्या खांद्यावर येणार हे कळलं, की छातीत काय होतं ते आठवा. तोच घाम आणि तीच कोरड. पण तेव्हा कोणी म्हणत नाही की मला टेन्शन आलंय. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 साली यावरच प्रयोग प्रसिद्ध केले. गाणं, भाषण किंवा गणित यांच्या आधी ज्यांनी स्वतःला "मला उत्साह वाटतोय" असं मोठ्याने सांगितलं, त्यांची कामगिरी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. धावत्या हृदयाला एकदम गप्प बस म्हटलं तर ते ऐकत नाही, पण त्याच धावण्याला दुसरं नाव दिलेलं त्याला चालतं. म्हणून "शांत हो, शांत हो" असं स्वतःच्या मागे लागू नका. घरच्यांनीही लागू नये.

गाऱ्हाणं लिहा

पहिलं काम वही-पेन घेऊन बसायचं. मोबाइलवर नको, कागदावरच.

आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं कसं घालतात ते तुम्ही ऐकलंय. नुसतं "सगळ्यांचं भलं कर" एवढ्यावर ते भागवत नाहीत. कोणाचं दुखणं बरं होत नाही, कोणाच्या मुलाला काम नाही, कोणाच्या घरात भांडण आहे, ते एकेक नाव घेऊन देवापुढे मांडतात आणि प्रत्येक मागणीला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. तुमच्या भीतीचंही तसंच करा. मोघम "भीती वाटते" लिहू नका, नेमकं काय ते लिहा. भावनेला शब्द दिला की मेंदूतला भीतीचा भाग, अमिग्डाला, थोडा शांत होतो, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 सालच्या अभ्यासात दिसलं होतं. आपल्या गुरवाला ते आधीपासून ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

भाचीच्या कागदावर अकरा ओळी झाल्या. सकाळची एसटी चुकली तर. भिजून पोचले तर. टॅलीचं नवीन व्हर्जन असलं तर. साहेब इंग्रजीत बोलले तर. जेवायला कोणाबरोबर बसू. बाथरूम कुठे असेल. पाळी नेमकी त्याच दिवशी आली तर. संध्याकाळची गाडी चुकली तर. वशिल्याने लागली असं लोक म्हणाले तर. तीन महिन्यांनी काढून टाकलं तर. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: मला काहीच येत नाही हे त्यांना कळलं तर.

आता प्रत्येक ओळीपुढे खूण करा. जे आजच सुटतं त्याला एक, जे कोणाला विचारून सुटतं त्याला दोन, जे आपल्या हातातच नाही त्याला तीन. अकरापैकी आठ ओळींना एक किंवा दोन मिळाले. कागदाकडे बघून ती म्हणाली, "एवढंच?" तो मला त्या आठवड्यातला सगळ्यात चांगला क्षण वाटला.

एक-दोनच्या ओळींपुढे "असं झालं तर मी तसं करीन" असं एक वाक्य लिहून टाका. "एसटी चुकली तर साहेबांना फोन करीन आणि मागची गाडी धरीन." "पाळी आली तर पॅड बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहेत." वाक्य लिहिलेलं असलं की ऐन वेळी विचार करत बसावं लागत नाही. तीनच्या ओळींना उत्तर लिहू नका, त्या तशाच राहू देत.

यात एक गोष्ट येते ती वेगळी काढा. "ही नोकरी घ्यायला नको होती का?" हा प्रश्न रोज रात्री उकरून काढू नका. देवाच्या मूर्तीला कळे, म्हणजे फुलं-पाकळ्या, लावून एकदा कौल घेतला की त्याच कामासाठी पुन्हा पुन्हा कळे लावत नाहीत. होकार कळवलाय ना, मग तीन महिने तो प्रश्न बंद. तीन महिन्यांनी तुमच्याकडे खरी माहिती असेल, तेव्हा खुशाल उघडा.

कागदपत्रं आणि पैसे

हे पटकन उरका, पण रुजू व्हायच्या आठवडाभर आधी. आधार, पॅन, बँकेचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक, गुणपत्रिका, पासपोर्ट आकाराचे फोटो, नेमणुकीचं पत्र छापून. आधीची नोकरी असेल तर रिलीव्हिंग लेटर आणि पीएफचा बारा आकडी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक. नवा यूएएन काढू नका, जुनाच द्या, म्हणजे आधीची शिल्लक हुडकत बसावं लागत नाही. सगळ्याच्या सही केलेल्या झेरॉक्स द्यायच्या, मूळ प्रती दाखवून परत घ्यायच्या. नोकरी देण्यासाठी डिपॉझिट मागणारा कोणी भेटला तर तिथेच थांबा, ते फसवणुकीचं लक्षण आहे.

पत्रातला पगाराचा आकडा आणि हातात येणारा आकडा वेगळे असतात, हे आधीच समजून घ्या. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के पीएफ कापला जातो. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू असेल आणि पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर 0.75 टक्के तिकडे जातात. प्रोबेशन किती महिन्यांचं आणि नोटीस किती दिवसांची, हेही वाचा. आणि पहिला पगार हातात पडेपर्यंत पाच-सहा आठवडे जाऊ शकतात. तेवढा प्रवासखर्च आणि वरखर्च बाजूला ठेवा, नसेल तर घरात आत्ताच सांगा. पैशाची काळजी फार वेळा धाकधुकीच्या आड लपलेली असते आणि मुलं ती बोलत नाहीत. भाचीच्या अकरा ओळींतही ती नव्हती. मी विचारलं तेव्हा कळलं की येण्याजाण्याचे पैसे बाबांकडे मागायचे कसे, या विचाराने ती दोन दिवस जेवली नव्हती. एसटीत बायकांना मार्च 2023 पासून निम्मं तिकीट आहे. आम्ही दोघींनी ते धरून महिन्याचा हिशेब केला, आकडा तिच्या बाबांपुढे ठेवला आणि पाच मिनिटांत प्रश्न मिटला.

वाटेची रंगीत तालीम

माझ्याकडे तुम्हाला सांगायला एकच पायरी असती तर मी ही सांगितली असती. रुजू व्हायच्या आधी एकदा, कामाच्याच वारी, त्याच वेळेला, त्याच चपला-बुटांत, घरापासून कामाच्या दारापर्यंत जाऊन या. रविवारी जाऊ नका. रविवारची एसटी वेगळी असते, रस्ता वेगळा असतो आणि दारावर माणूसही वेगळा असतो.

आम्ही बुधवारी गेलो. सोमवारी जी पकडायची तीच सकाळची गाडी. भाची खिडकीशी, मांडीवर बॅग घट्ट धरून. भाट्ये पुलावर गाडी आली तशी खाडीच्या तोंडाशी बोटी दिसायला लागल्या. मासेमारीबंदी 1 जूनपासून लागते, ती जुलै संपेपर्यंत, त्यामुळे बऱ्याच बोटी किनाऱ्याला यायच्या घाईत होत्या. पुलावर ती पहिल्यांदा बोलली, "मावशी, कॉलेजला जाताना ह्याच गाडीने जायचे ना गो मी." तीन वर्षं ज्या गाडीने गेली तीच गाडी, पण "नोकरी" हा शब्द लागल्याबरोबर तिला परकी झाली होती. पुलाच्या पलीकडे उतरेपर्यंत तिचे हात बॅगेवरून सैल झाले.

तिथून पुढे मिरजोळ्याला. आम्ही दोन गोष्टी घड्याळ लावून मोजल्या: स्टँडवर दुसरं वाहन मिळायला किती वेळ लागतो आणि थांब्यापासून कंपनीच्या गेटपर्यंत चालत किती. मॅपवर चालण्याची दहा मिनिटं दाखवत होतं. चढ असल्यामुळे चौदा लागली. गेटवर एक वयस्क वॉचमन होते. मी म्हटलं, "काका, ही सोमवारपासून येणार इथे. आधी कुठे जायचं असतं?" ते खुर्चीतून उठले, वही दाखवली आणि म्हणाले, "पहिल्या दिवशी इथे नाव लिहायचं, एक फोटो द्यायचा, पास मिळतो. मग सरळ जिन्याने वर. साडेनवाच्या आधी आलीस तर कोण भेटणार नाही, उगाच लवकर येऊ नको." मग स्वतःहून, "लेडीज बाथरूम वरच आहे, जिन्याच्या डावीकडे."

गेटसमोरच्या टपरीवर आम्ही चहा प्यायलो. कागद बाहेर काढला आणि तीन ओळी तिथेच खोडल्या. त्यातली बाथरूमची ओळ तिने दोनदा खोडली.

तुमची वाट वेगळी असेल, पण ती तुमच्याच पायांनी मोजा. दापोलीकडून गुहागरला जाणार असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीची सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची वेळ प्रत्यक्ष धक्क्यावर विचारून घ्या, कोणाच्या जुन्या स्टेटसवरून नको. खेडहून चिपळूणला जाणार असाल तर पावसात परशुराम घाट कधी अडेल याचा नेम नसतो, दरड आली की तासचे तास जातात. रेल्वेने जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात आणि मे महिन्यात पाहिलेली वेळ जूनच्या मध्यानंतर चालत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये रुजू होणाऱ्याने नेहमीच्या वेळेत अर्धा तास मिळवावा आणि बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे, एक कुडता किंवा शर्ट आणि छोटा टॉवेल ठेवावा. भिजून पोचणं ही आपल्याकडे शक्यता नसते, ते होणारच असतं. दारात पोचल्यावर कपडे बदलता येतात हे माहीत असलं की छत्री उलटी झाली तरी माणूस रडकुंडीला येत नाही.

आदल्या कामाच्या दिवशी एक फोनही करा: "सोमवारी मी रुजू होतोय, आल्यावर कोणाला भेटू?" माझ्या पहिल्या नोकरीत मी हा फोन केला नव्हता. ज्या साहेबांनी बोलावलं होतं ते रजेवर आणि बाकी कोणाला माझं नावच माहीत नव्हतं. दुपारी बारापर्यंत मी बाहेरच्या बाकड्यावर बसून होते आणि मनात एकच की आपली नेमणूक चुकून झालीये. एका फोनने ते टळलं असतं, म्हणून हे इतकं आवर्जून सांगतेय.

ओळख कशी करून द्यायची

पाठ करू नका. दशावतारी नाटकात छापील संवाद नसतात. आख्यान पक्कं ठाऊक असतं, कोण कोणाच्या समोर कशासाठी उभा आहे ते ठाऊक असतं, वाक्यं रंगमंचावर सुचतात. तुम्हालाही तेवढंच लागतं: नाव, गाव, आधी काय केलं आणि इथे कशासाठी आलो. "मी पावसची. बी.कॉम. झालंय, टॅली येतं. आजपासून अकाउंट्सला आहे." एवढं पुरे. घरात कोणासमोर तरी चार-पाच वेळा मोठ्याने बोला, प्रत्येक वेळी थोडं वेगळं आलं तरी चालेल. मनातल्या मनात बोललेलं कामाला येत नाही, कारण घसा कोरडा पडतो तो मोठ्याने बोलतानाच.

भाषेचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या मुलांना ही भीती खोलवर असते आणि ती लाजेमुळे बोलली जात नाही. आपलं बोलणं गावठी वाटेल, इंग्रजी येत नाही, हिंदी बोलताना मराठी मिसळते. यावर सगळी भाषा आठवड्यात शिकायला जाऊ नका. त्या कामात रोज लागणारी दहा वाक्यं काढा. हॉटेलात असाल तर चेक-इनची, दवाखान्यात असाल तर रुग्णाला विचारायची, अकाउंट्सला असाल तर बिलं आणि तारखांची. ती घोटा. आणि एक वाक्य तिन्ही भाषांत तयार ठेवा: "मला नीट कळलं नाही, पुन्हा सांगता का?" हे वाक्य ज्याच्या तोंडात बसलंय त्याची अर्धी भीती गेली म्हणून समजा. बोलीची लाज तर अजिबात धरू नका. ज्या माणसांशी तुम्हाला काम पडणार आहे, त्यांतली कितीतरी तुमच्याच बोलीत मोकळी होतात. बँकेच्या खिडकीशी आलेली म्हातारी प्रमाण मराठीला बिचकते, "काय गो आये, खयसून इलंस?" म्हटलं की पासबुक पुढे करते.

आदला दिवस

कपडे इस्त्री करून खुंटीला, बॅग भरून दाराशी, मोबाइल चार्जिंगला. हे दुपारीच उरका. नवीन चप्पल पहिल्या दिवशी घालू नका, पाय सोलवटतात.

संध्याकाळी मुंबईहून काकांचा, मामांचा, आतेभावाचा फोन येतो. वाडीतला प्रत्येक जण विचारतो. माणसं प्रेमानेच विचारतात, पण दहावा फोन संपेपर्यंत जीव अर्धा होतो. आईला किंवा बहिणीला फोन द्या आणि सांगा, "पहिला आठवडा झाला की मीच करीन सगळ्यांना." त्या वेळात चालून या. समुद्र जवळ असेल तर पुळणीवर जा, पण पावसाळी लाटांपासून लांबूनच.

दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास घेतं, सहाचा कप रात्री अकरालाही अंगात असतो. जेवण हलकं.

झोपायच्या आधी पाच मिनिटं काढून उद्या आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत करायची कामं कागदावर लिहा. बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन यांनी 57 तरुणांवर हे करून पाहिलं होतं, अभ्यास 2018 साली आला. पुढची कामं लिहिणारे लोक, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. जितकं बारीक लिहिलं तितकी झोप लवकर. मग दिवा मालवा. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर कुशी बदलत राहू नका. उठा, पडवीत बसा, कौलांवरचा पाऊस ऐका, डोळे जड झाले की परत जा. घड्याळ बघू नका. आणि अपुऱ्या झोपेची धास्ती घेऊ नका, एका रात्रीच्या कमी झोपेने पहिला दिवस वाया जात नाही. त्या दिवशी काम तसंही ओळखी करून घेण्याचंच असतं.

श्वासाचं एक तंत्र त्याच रात्रीपासून सुरू करा, किंबहुना आठवडाभर आधीपासून. नाकाने श्वास घ्या, संपत आला की वर आणखी एक छोटा घ्या, आणि मग तोंडाने सावकाश, लांबवत सोडा. असं पाच मिनिटं. स्टॅनफर्डमध्ये 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, महिनाभर रोज पाच मिनिटं हे करणाऱ्यांचं मन ध्यान करणाऱ्यांपेक्षाही जास्त प्रसन्न झालेलं दिसलं. यात जोर सोडण्यावर आहे. श्वास बाहेर जाताना हृदयाची गती उतरते, म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांब हवं. असा दोनदा श्वास घेणं जमत नसेल तर सोपं करा: चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. एसटीत बसून कोणाला कळणारही नाही.

सकाळ

जाग आल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास सगळ्यात वाईट वाटतो. त्या वेळात कॉर्टिसोल हे संप्रेरक रोजच वाढतं, नोकरी असो की नसो. त्यामुळे अंथरुणात पडून विचार करू नका, उठून अंघोळीला जा.

पोट घट्ट झालेलं असताना पोहे-मिसळ उतरत नाही. अशा सकाळी उकड्या तांदळाची पेज, चिमूटभर मीठ आणि लोणच्याची फोड यासारखं दुसरं काही नाही. गरम असते, न चावता जाते, पोटाला त्रास देत नाही आणि अकरापर्यंत टिकते. चहा एकच कप. मग देवाला नमस्कार, हातावर दही-साखर, आणि निघा. या गोष्टी जुन्या म्हणून टाळू नका. रोजची ठरलेली कृती हातून झाली की मनालाही कळतं की आजचा दिवस बाकीच्यांसारखाच आहे.

दारातून आत

दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा, तासभर आधी नको, उभं राहून भीती वाढते. शिपाईमामा किंवा वॉचमन यांना आधी नमस्कार करा. कोण कुठे बसतं, साहेब कधी मोकळे असतात, हे सगळ्यात आधी तेच सांगतात. सरकारी नोकरी असेल तर रुजू अहवालाच्या दोन प्रती हव्यात, एकीवर पोच घ्यायची. मस्टरवर सही कुठे करायची ते विचारा.

खिशात छोटी वही ठेवा. टेबलांचा नकाशा काढा आणि प्रत्येक टेबलावर नाव. दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन एकाला विचारा, "मी इथे बसू का?" बहुतेक ठिकाणी एवढं म्हटलं की कोणीतरी सरकतं आणि डब्याचं झाकण पुढे करतं.

सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटेल. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच यांचा 2000 सालचा एक प्रयोग आठवा. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असेल, प्रत्यक्षात पावभागाच्या आसपास लोकांच्याच आलं. तुमची चुकलेली बेरीज, अडखळलेलं वाक्य, ओला पदर, हे बाकीच्यांच्या ध्यानात तुमच्यापेक्षा फार कमी राहतं.

आणि विचारा. नव्या खलाशाला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, पहिल्याच फेरीला सुकाणू देत नाही, तुमच्याकडूनही पहिल्या आठवड्यात कोणाची तशी अपेक्षा नसते. पहिल्या महिन्यात विचारलेल्या प्रश्नाला लोक प्रेमाने उत्तर देतात, सहाव्या महिन्यात तोच प्रश्न विचारायला जड जातं. एकच पथ्य पाळा: उत्तर वहीत लिहून घ्या, म्हणजे तेच दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

मुंबई-पुण्याला जाणाऱ्यांसाठी

तुमच्यावर दुहेरी ओझं आहे, नवी नोकरी आणि नवं घर. शक्य असेल तर रुजू व्हायच्या चार दिवस आधी पोचा. खानावळ, पाणी, लोकल या तीन गोष्टी लावून घ्या, वाटेची तालीम तिथेही करा, पण सकाळच्या गर्दीच्या वेळीच. घरून भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ न्या. दमून आल्यावर दहा मिनिटांत पिठी-भात होतो आणि घरच्या वासाने रात्र सरते. रोज रात्री आईला फोन करायचा ठरवलात तर वेळ बांधा, नाहीतर दोन्हीकडे रडारड चालते.

घरच्यांना एक विनंती

पोर संध्याकाळी परत आली की उंबरठ्यातच "कसं झालं? काय म्हणाले? पगाराचं बोलले?" असं सुरू करू नका. चहा द्या. ती आपणहून बोलेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी "सोडून देते" असं म्हणेल, तेव्हा समजूत घालू नका आणि रागावूही नका. तिसरा दिवस बहुतेकांना सगळ्यात जड जातो, कारण नव्याची ऊर्जा संपलेली असते आणि ओळख अजून झालेली नसते.

धाकधूक थांबतच नसेल तर

दोन आठवडे उलटून गेले तरी झोप नाही, अन्न जात नाही, छाती भरून येते, सकाळी दारातून पाय उचलत नाही, तर ते आता नव्याची नवलाई म्हणून सोडून देऊ नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 पासून आहे, आणि त्याच्या नावावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या थट्टा चालत आलीये. त्या थट्टेपायी कितीतरी जण वेळेवर डॉक्टरकडे गेले नाहीत, हे मी जवळून पाहिलंय. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी घरात कोणाला तरी सांगायचं आणि फोन लावायचा.

दुसरा सोमवार

रुजू होऊन आठवडा झाला की सुरुवातीचा गाऱ्हाण्याचा कागद पुन्हा काढा. जे झालंच नाही ते खोडा. जे झालं त्यापुढे काय केलं ते लिहा. नवीन काही टोचत असेल तर खाली जोडा.

भाचीच्या अकरा ओळींतल्या दोन उरल्या होत्या. तीन महिन्यांच्या प्रोबेशनची ओळ होती, ती तिने तशीच ठेवली. दुसरी संध्याकाळच्या गाडीची. कंपनी सुटायला आणि गाडी सुटायला जेमतेम वीस मिनिटं राहत होती आणि आठवड्यात दोनदा तिला पळत जावं लागलं होतं. मी म्हटलं, साहेबांना सांग. ती धजत नव्हती. शेवटी मंगळवारी डबा खाताना तिने ते नुसतं शेजारच्या टेबलावरच्या ताईंना बोलून दाखवलं. त्या गोळपच्या निघाल्या, रोज स्कूटीने जातात आणि मागची सीट मोकळीच असते. आता दोघी मिळून भाट्ये पुलावरून येतात, पेट्रोलचे पैसे वाटून घेतात, आणि पाऊस फारच असला की पुलाअलीकडे थांबून भजी खातात.